तुपातलं ब्युटिरेट मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतं का?

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून फिरून येतो. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्याबरोबर दोन चमचे गाईचं तूप घ्या; तुपात ‘ब्युटिरेट’ असतं आणि ब्युटिरेट हेच आतड्याचं खरं अन्न, असं आता विज्ञानानेही मान्य केलंय. खाली जोडलेले हात, मग कुणाचं तरी ‘आमची आजी हेच सांगायची’. गंमत म्हणजे यातली दोन्ही विधानं सुटी सुटी घेतली तर खरी आहेत. दुधाच्या स्निग्धांशात जी मेदाम्लं असतात त्यातलं साधारण तीन-चार टक्के ब्युटिरिक आम्ल असतं (ब्युटिरेट हे त्याचंच क्षाररूप). मोठ्या आतड्याच्या पेशी ब्युटिरेटवर जगतात, हेही खरं. घोळ आहे तो दोन्ही विधानं एकमेकांना चिकटवण्यात.

तुपाचं पचन जठरात सुरू होतं आणि लहान आतड्यात संपतं. ब्युटिरिक आम्ल म्हणजे जेमतेम चार कार्बनची साखळी. इतका लहान रेणू वरच्या वरच शोषला जातो आणि रक्तावाटे थेट यकृतात जातो. लहान आतडं सहा मीटरच्या आसपास लांब, आणि मोठं आतडं त्याच्या पलीकडे सुरू होतं. तिथवर तुपातलं ब्युटिरेट उरतच नाही. तूप जरूर खावं, वरणभातावर तर खावंच, पण ते चवीसाठी. मोठ्या आतड्याला लागणारं ब्युटिरेट जागेवरच तयार व्हावं लागतं, दिवसाला काही ग्रॅम, आणि ते आपलं शरीर करत नाही. ते जिवाणू करतात.

या जिवाणूंबद्दलही एक जुनी थाप रूढ आहे: आपल्या शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात. २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी हा हिशेब नव्याने मांडला. माणसाच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी, जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, म्हणजे जवळजवळ बरोबरी. सगळ्या जिवाणूंचं मिळून वजन पाव किलोही भरत नाही. त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात.

त्यांना तिथे खायला काय मिळतं? आपल्याला जे पचत नाही ते. पिष्टमय पदार्थ आणि साखरा तोडणारी एन्झाइम माणसाच्या पचनमार्गात सतराच्या आसपास आहेत. आतड्यातल्या बॅक्टेरॉइडिस थीटाआयोटाओमायक्रॉन या एकट्या जिवाणूकडे (नाव घेता घेता धाप लागते) अशी अडीचशेहून जास्त एन्झाइम आहेत. भाकरीतला कोंडा, मटकीची सालं, कांद्यातलं इन्युलिन हे आपल्या दृष्टीने चोथा (फायबर) आणि त्यांच्या दृष्टीने पंगत. सगळ्यांना सगळं जमत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. आपल्या एन्झाइमना न जुमानणारा हट्टी स्टार्च फोडायचं काम रुमिनोकॉकस ब्रोमी करतो. त्यातून सुटलेल्या साखरा दुसरेच जिवाणू पळवतात. बिफिडोबॅक्टेरियम जे लॅक्टेट आणि ॲसिटेट टाकून देतो, ते तिसरे उचलतात आणि त्यातून ब्युटिरेट बनवतात. फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्नित्झी हा त्या कामातला मोठा कारागीर. क्रोन नावाच्या आतड्याच्या दाहक विकारात त्याचं प्रमाण घटलेलं आढळतं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. मोठ्या आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. या थराच्या एका बाजूला रक्तवाहिन्यांचं जाळं, म्हणजे ऑक्सिजनचा भरपूर पुरवठा. दुसऱ्या बाजूला आतड्याची पोकळी, जिथे ऑक्सिजन जवळपास शून्य. आणि मधल्या पेशीची उंची डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. वायू तर पेशीच्या पटलातून सहज आरपार जातात. मग रक्तातला ऑक्सिजन पोकळीत गळत का नाही?

कारण वाटेतली पेशीच तो संपवते. दहावीच्या पुस्तकातलं पेशींचं श्वसन आठवा. ग्लुकोज ऑक्सिजनशिवायही अर्धवट जाळता येतं. जोरात धावताना स्नायूंमध्ये लॅक्टिक आम्ल साठतं ते असंच. मेदाम्लांना ही सवलत नाही. ती जाळायची तर मायटोकॉन्ड्रियात, आणि ऑक्सिजन वापरूनच. ब्युटिरेट हे मेदाम्लच आहे. मोठ्या आतड्याची निरोगी पेशी आपली सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यातून मिळवते आणि त्या भरात रक्तातून येणारा ऑक्सिजन जवळपास सगळा वापरून टाकते. आमच्याकडे उन्हाळ्यात जलवाहिनीच्या सुरुवातीच्या इमारती पाणी ओढून घेतात आणि टोकाच्या इमारतीचा नळ कोरडा राहतो, तसंच हे. फरक इतकाच की आतड्यात टोकाला कोरड पडलेलीच हवी असते.

हवी अशासाठी, की ब्युटिरेट बनवणारे बहुतेक जिवाणू ऑक्सिजनचे वैरी आहेत. थोडासा ऑक्सिजन लागला तरी त्यांची वाढ खुंटते, कित्येक तर मरतात. म्हणजे बघा: ते ब्युटिरेट बनवतात, पेशी ते जाळते, जाळताना ऑक्सिजन संपवते आणि ऑक्सिजन संपला म्हणूनच ते जगतात. आपल्या सुरक्षिततेची किंमत ते स्वतःच बनवलेल्या मालात चुकती करतात. जीवशास्त्रात मला आवडणाऱ्या ज्या काही गोष्टी आहेत, त्यात ही फार वरच्या क्रमांकावर आहे.

हे चक्र तुटलं तर काय होतं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या आंद्रेआस बॉयमलर यांच्या गटाने २०१६ आणि २०१७ मध्ये उंदरांवर दाखवलं. उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, ब्युटिरेट बनवणारे जिवाणू मेले, ब्युटिरेट घटलं. पेशीने इंधन बदललं, ग्लुकोज अर्धवट जाळायला लागली, ऑक्सिजन वापरेनाशी झाली. तो पोकळीत झिरपला. एवढी संधी साल्मोनेला आणि ई. कोलाय यांच्या गोतावळ्याला पुरते, कारण हे जिवाणू ऑक्सिजन असला तर तो वापरतात आणि नसला तरी भागवतात. एरवी शांतपणे कोपऱ्यात पडून असलेले हे लोक भराभर वाढतात. पेशीला ‘मेदाम्लंच जाळ’ असं सांगणारा एक रेणू असतो, पीपीएआर-गॅमा. ब्युटिरेट त्याला जागं ठेवतं. तो झोपला की पेशी नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवते, त्याचं पुढे नायट्रेट होतं, आणि त्या नायट्रेटवरही ई. कोलाय श्वसन करू शकतो. म्हणजे घुसखोराला दोन-दोन सोयी.

अजून एक बारीक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही; कंटाळा आला असेल तर हा परिच्छेद खुशाल सोडा. अस्तराला खोल खळगे असतात आणि त्यांच्या तळाशी मूळपेशी. ब्युटिरेट मूळपेशींची वाढ रोखतं. मग ते तळापर्यंत गेलं तर अस्तराची दुरुस्तीच थांबेल. पण वरच्या पेशी ते आधीच जाळून टाकतात, तळापर्यंत जाऊच देत नाहीत. कर्कपेशींचा प्रकार उलटा: त्यांना ग्लुकोज प्यारं, त्यामुळे त्यांच्यात ब्युटिरेट साठतं आणि त्यांची वाढ दबते. प्रयोगशाळेत हे दिसलं आहे. यावरून ‘चोथा खा, कर्करोग टळेल’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर त्या छातीकडे दुर्लक्ष करावं.

आणि चोथा खाल्लाच नाही तर? जिवाणू उपाशी राहत नाहीत. २०१६ मध्ये महेश देसाई, एरिक मार्टेन्स आणि सहकाऱ्यांनी जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत माणसाच्या आतड्यातल्या १४ जाती सोडल्या आणि त्यांचा चोथा बंद केला. जिवाणूंनी मोर्चा आतड्याच्या श्लेष्माकडे वळवला. हा बुळबुळीत थर साखरांनी लगडलेल्या प्रथिनांचा असतो आणि जिवाणूंना अस्तरापासून लांब ठेवतो. तो पातळ झाल्यावर रोगजंतूंना अस्तरापर्यंत पोहोचायला रान मोकळं मिळालं.

आता ताटाकडे. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे २००० कॅलरींच्या आहारात ३० ग्रॅम चोथा हवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरीत ११, अख्ख्या हरभऱ्यात २५ आणि पॉलिशच्या तांदळात तीनाहून कमी असे आकडे आहेत. मैदा तांदळाच्याच रांगेत बसतो. सकाळी स्टेशनबाहेर वडापाव, ऑफिसात चहा-बिस्किट आणि रात्री पांढरा भात असा दिवस काढणाऱ्याचा हिशेब कुठे जातो ते सांगायला नको. मिसळ हा ठाण्यात भावनेचा विषय असल्यामुळे जपून लिहितो: त्यातली उसळ जिवाणूंसाठी उत्तम, वरचं फरसाण आणि सोबतचे पाव आपल्या जिभेसाठी.

पावसाळ्यात जांभळी नाक्याच्या बाजारात येऊरकडच्या पाड्यांवरून बायका टाकळा, कंटोळी, शेवळं घेऊन बसतात. शेवळांबरोबर काकडं (ही आंबट रानफळं) मागून घ्यावी लागतात, नाहीतर घसा खवखवतो. या भाज्या औषधी म्हणून विकल्या जातात. त्यातले निम्मे दावे मी कानाआड करतो. पण प्रत्येक वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतल्या साखरांची बांधणी वेगळी, आणि ती सोडवणारे जिवाणूही वेगळे. महिनोन् महिने बटाटा, फ्लॉवर आणि कोबी एवढंच आलटून पालटून खाणाऱ्या घरात ही सरमिसळ होत नाही.

शिळ्या भाताचंही सध्या फार कौतुक चाललंय. त्यात तथ्य आहे. शिजताना सुट्या झालेल्या स्टार्चच्या साखळ्या थंड झाल्यावर पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात आणि आपल्या एन्झाइमना दाद देत नाहीत. पण किती? २०१५च्या एका अभ्यासात ताज्या भातात १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम असा स्टार्च होता. २४ तास फ्रिजमध्ये ठेवून गरम केलेल्यात १.६५. अडीचपट, तरीही दीड-पावणेदोन ग्रॅमच. फोडणीचा भात आवडतो म्हणून खावा. मात्र आदल्या रात्रीचा भात आपल्या दमट हवेत ओट्यावर तसाच सोडू नये. बॅसिलस सेरियस त्यात वाढतो आणि त्याचं उलटीचं विष फोडणीच्या आचेने नष्ट होत नाही. निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये.

पूर्वी पोरांना महिन्यातून एकदा एरंडेल पाजून ‘कोठा साफ’ करत. आज तेच ‘गट डिटॉक्स’ (इंग्रजीतलं ‘गट’, म्हणजे आतडं) या नावाने पुडीमागे हजार रुपयांना मिळतं. कोठा साफ करायचाच नसतो, तो राखायचा असतो. विष्ठेचा नमुना मागवून ‘तुमचा गट स्कोअर’ पाठवणाऱ्या चाचण्या त्याच माळेतल्या. निरोगी आतड्यात नेमके कोणते जिवाणू किती असावेत याचं एकच प्रमाण आज अस्तित्वात नाही, आणि भारतात तर मुळीच नाही. भोपाळच्या आयसर संस्थेतल्या गटाने २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळमधल्या ११० निरोगी लोकांची तुलना केली. भोपाळच्या, मुख्यतः शाकाहारी लोकांत प्रिव्होटेला या जिवाणूचं राज्य; केरळच्या मिश्राहारी लोकांत बॅक्टेरॉइडिस आणि फीकॅलिबॅक्टेरियम यांचं प्रमाण जास्त. एकाच देशातली ही दोन ठिकाणं. मग त्या चाचणीतला स्कोअर कुणाच्या मापाने काढला?

व्यायामाचाही परिणाम होतो. इलिनॉय विद्यापीठाच्या २०१८च्या प्रयोगात सहा आठवडे व्यायाम केलेल्या सडपातळ लोकांत ब्युटिरेटसारखी आम्लं वाढली, लठ्ठ लोकांत फारशी नाही, आणि व्यायाम थांबल्यावर बदल बऱ्यापैकी ओसरला. सर्दी-पडशाला केमिस्टकडून स्वतःच अँटिबायोटिक आणून खाण्याबद्दल मी लिहीत नाही. वर स्ट्रेप्टोमायसिनने काय केलं ते वाचलंच आहे, आणि सर्दीच्या विषाणूवर त्याचा उपयोग शून्य.

माझ्या लाडक्या चोथ्याच्या विरोधात जाणारा एक निकालही सांगायला हवा. स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी माणसांचे दोन गट केले. एकाने भरपूर चोथा खाल्ला, दुसऱ्याने दही, केफिर, किमची असं आंबवलेलं. २०२१च्या निकालात जिवाणूंचं वैविध्य वाढलं ते आंबवलेलं खाणाऱ्यांत, आणि त्यांच्या रक्तातली दाहाची १९ निदर्शक प्रथिनंही कमी झाली. चोथावाल्यांचं वैविध्य सरासरीने वाढलं नाही. एक शक्यता अशी, की पिढ्यान् पिढ्या बिनचोथ्याचं खाऊन तो पचवणाऱ्या जातीच तिथून नाहीशा झाल्या असाव्यात. त्याच प्रयोगशाळेने २०१६ मध्ये उंदरांत हे दाखवलं होतं: चार पिढ्या कमी चोथा दिल्यावर गेलेल्या जाती नुसता चोथा परत देऊन आल्या नाहीत.

हे वाचून उद्यापासून दोन्ही वेळा राजमा सुरू करू नये. जिवाणू चोथा आंबवतात तेव्हा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सुटतात, आणि सवय नसलेलं पोट डब्यासारखं फुगतं. आठवडाभर एक भाकरी, पुढच्या आठवड्यात अर्धी वाटी उसळ, असं चढवत जावं आणि पाणी भरपूर प्यावं. आतड्याचा दाह, आयबीएस (वारंवार पोट बिघडण्याचा विकार) किंवा नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. काही दुखण्यांत काही काळ चोथा कमीच ठेवावा लागतो.