काशी मराठ्यांनी जिंकली होती का?

“मराठ्यांनी काशी जिंकली आणि अहिल्याबाईंनी विश्वेश्वराचे मंदिर मूळ जागीच पुन्हा उभे केले,” असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. मंदिर अहिल्याबाईंनी बांधले, एवढेच त्यातले खरे.

आधीचे मंदिर १५८५च्या सुमारास नारायण भट्टांच्या पुढाकाराने आणि तोडरमलाच्या साहाय्याने उभे राहिले होते. (हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, हे महाराष्ट्रात तरी माहीत असायला हवे!) १६६९मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने ते पाडले गेले आणि तिथे ज्ञानवापी मशीद झाली.

काशी मिळावी म्हणून पेशव्यांनी बरेच प्रयत्न केले, पण ती अवधच्या नवाबाकडेच राहिली. १७७५मध्ये फैजाबादच्या तहाने ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. त्यामुळे १७८०च्या सुमारास मंदिर पूर्ण झाले, तेव्हा वर कंपनी होती आणि तिच्या हाताखाली राजा चेतसिंह. जागाही मूळची नव्हे, मशिदीलगतची. दुसऱ्याच्या अंमलाखालच्या शहरात हे काम तडीस नेले, म्हणून अहिल्याबाईंची कामगिरी अधिकच मोठी ठरते.

कळसावरचे सोनेही होळकरांचे नाही. ते १८३०च्या दशकात महाराजा रणजितसिंहांनी दिले.