लिंक आली काय?

एप्रिल २०२०. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या आत्याचं भजनी मंडळ पहिल्यांदाच मोबाइलवर भरलं. पंधरा बायका, पंधरा चौकटी. त्यातल्या चार चौकटींत नुसता छताचा पंखा फिरत होता आणि एकीत कपाळाचा वरचा अर्धा भाग. "ऐकू येतंय काय?" "येतंय की!" यातच दहा मिनिटं गेली. मग आत्यानं पेटीवर सूर धरला, सगळ्यांनी टाळ उचलले आणि पहिल्याच ठेक्याला गोंधळ उडाला. प्रत्येकीचा टाळ तिच्या घरात बरोबर पडत होता, फक्त कुणाचाच कुणाशी जुळत नव्हता. शेवटी भैरवी रंगात आली आणि फुकटातली वेळ संपून पडदा काळा झाला.

पुढच्या एकादशीला कुणाच्या तरी नातवानं ग्रुपवर दुसऱ्याच ॲपची लिंक टाकली. सगळ्या तिथं हजर! ॲप बदललंय हे निम्म्या जणींच्या लक्षातही आलं नाही.

व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या धंद्याचं पुढच्या चार-पाच वर्षांत जे झालं, ते मला त्या दोन एकादश्यांत जवळजवळ सगळं दिसतं.

आधी टाळ का जुळला नाही ते बघू. आपण पटकन अंतराला दोष देतो, पण तो गुन्हेगार नव्हे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. कोल्हापूर ते मुंबई चारशे किलोमीटर धरलं, तर जायला लागतात २ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. वेळ खातात त्या वाटेवरच्या चौक्या. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेत असेल, तर एका चित्रालाच ३३ मिलिसेकंद गेले. मग ते दाबून लहान करायचं, त्याचे तुकडे करून पाठवायचे. तुकडे निघतात ओळीनं, पण पोचतात रंकाळ्यावर संध्याकाळी माणसं जमतात तसे, कुणी आधी, कुणी मागून. म्हणून पलीकडचा फोन आलेले तुकडे लगेच न वापरता थोडे साठवून ठेवतो आणि मग सलग वाजवतो. ही सगळी उशिरांची बेरीज सहज दीडशे मिलिसेकंदांवर जाते.

गप्पांना तेवढं चालतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही एका बाजूचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणं सहसा अडत नाही असं धरलंय. तालाला मात्र चालत नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दीडशे मिलिसेकंदांत एक्कावन्न मीटर. एकाच खोलीत बसल्यासारख्या दिसणाऱ्या आमच्या बायका प्रत्यक्षात एकमेकींपासून पन्नास-पन्नास मीटरवर उभ्या राहून टाळ वाजवत होत्या. वर आणखी एक गंमत होती. ही ॲप माणसाचं बोलणं टिपायला शिकवलेली असतात आणि बाकीचा खणखणाट पुसून टाकतात. त्यांच्या लेखी टाळ म्हणजे भांड्यांचा आवाज! आत्याला हे सांगितल्यावर ती दोन दिवस त्या ॲपवर रुसली होती.

आता पंधरा चौकटींचं गणित. प्रत्येकीच्या फोननं आपलं चित्र बाकी चौदा जणींना स्वतंत्र पाठवायचं म्हटलं, तर १५ गुणिले १४, म्हणजे २१० प्रवाह झाले. घरच्या इंटरनेटचा वर पाठवण्याचा वेग तिथंच गुडघे टेकतो. आपल्याकडं गावातला प्रत्येक शेतकरी दुधाची किटली घेऊन गिऱ्हाइकांच्या दारोदार फिरत नाही. तो एकदा संस्थेत दूध घालतो आणि पुढचं संस्था बघते. व्हिडिओतही तसंच असतं. तुमचं चित्र एकदाच मधल्या सर्व्हरकडं जातं. जुन्या, महागड्या यंत्रणांत हा सर्व्हर सगळ्यांची चित्रं एका टाकीत ओतल्यासारखी मिसळून एकच मोठं चित्र तयार करायचा. त्याला गणनशक्ती फार लागायची. नव्या पद्धतीत तो काही मिसळत नाही, ज्याला जे हवं ते फक्त पुढं ढकलतो. शिवाय चित्र थरांत बांधलेलं असेल, तर नेट कमजोर असलेल्याला खालचा धूसर थर आणि बाकीच्यांना वरचेही थर जातात. म्हणून एकीचं नेट गचकलं तरी उरलेल्या चौदा जणींचं भजन चालू राहतं.

ही कारागिरी एकेकाळी मोजक्या कंपन्यांकडं होती आणि त्या तिचे चांगले पैसे घ्यायच्या. मग गुगलनं २०१० मध्ये आवाज-चित्राचं तंत्र करणारी एक कंपनी सुमारे ६.८ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०११ मध्ये ते तंत्र वेबआरटीसी या नावानं सगळ्यांना खुलं केलं. म्हणजे कुठल्याही ब्राउझरला कॉल करायचं इंजिन फुकट मिळालं. जानेवारी २०२१ मध्ये तर ते वेबचं अधिकृत मानक झालं. ज्या वर्षी या कंपन्यांच्या शेअरनी आकाश गाठलं, त्याच्या कितीतरी आधी त्यांच्या दुकानातला मुख्य माल सगळ्यांना मोफत मिळू लागला होता.

मग झूम जिंकलं कसं? सिस्को या नेटवर्कची यंत्रं करणाऱ्या कंपनीतून बाहेर पडून एरिक युआन यांनी २०११ मध्ये कंपनी काढली, तेव्हा स्काइप होतं, सिस्कोचंच ऑनलाइन बैठकांचं वेबेक्स होतं. युआन स्वतः वेबेक्सच्या जुन्या लोकांपैकी. त्यांनी काढून टाकला तो दरवाजावरचा पहारा. स्काइपवर खातं हवं, समोरच्याला यादीत जोडायला हवं, त्यानं होकार द्यायला हवा. झूमवर लिंक दाबली की आत. डिसेंबर २०१९ मध्ये बैठकांतली रोजची हजेरी १ कोटी होती, एप्रिल २०२० मध्ये ती ३० कोटींवर गेली. (एकच माणूस पाच बैठकांना बसला तर पाचदा मोजला जातो, एवढं ध्यानात ठेवायचं.) नको ते पाहुणेही त्याच उघड्या दारातून घुसले. १६ एप्रिल २०२० रोजी आपल्या गृह मंत्रालयानं झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली, तरी वापर काही थांबला नाही.

पण ज्या दारातून सहज आत येता येतं, त्यातून बाहेर जाणंही तितकंच सोपं. व्हॉट्सॲप सोडवत नाही, कारण सगळी नातीगोती तिथं आहेत. झूमवर असं कोण राहतं? बैठकीपुरते जमतात आणि उठून जातात. त्यात पैसे भरतो तो एकटा यजमान, बाकी सगळे पाहुणे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या ओळखीचे एक फाउंड्रीवाले आहेत. त्यांच्या फोनमध्ये चार ॲप आहेत आणि एकालाही त्यांनी आजवर रुपया दिलेला नाही. "गिऱ्हाईक पाठवंल त्या लिंकवर बसायचं," असा त्यांचा सरळ हिशोब.

आता पडझडीकडं येऊ. ऑक्टोबर २०२० मध्ये झूमचा शेअर ५६८ डॉलरवर बंद झाला होता. २०२२ संपताना तो ७० डॉलरच्याही खाली होता. हे वाचून कुणालाही वाटेल, लोकांनी वापरणं सोडलं. तसं झालेलं नाही. जानेवारी २०२० ला संपलेल्या वर्षात कंपनीचा महसूल ६२ कोटी डॉलर होता. पुढच्या वर्षी तो २६५ कोटी झाला, मग ४१० कोटी, मग ४३९ आणि मग ४५३ कोटी. महसूल एकदाही घटला नाही.

कोल्हापूरकराला हे कोडं सोडवायला शेअर बाजार शिकावा लागत नाही. पंचगंगेला पूर आला की राजाराम बंधाऱ्यावरचे आकडे फोनोफोनी फिरतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पण "किती फूट?" च्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच, "चढतंय का उतरतंय?" ४५ फुटांवर स्थिरावलेलं पाणी आणि ताशी फूटभर चढणारं ४५ फुटांवरचं पाणी, यांत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात माणूस चहा ठेवतो, दुसऱ्यात सामान माडीवर चढवतो. शेअरची किंमत त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. झूमच्या महसुलाच्या वाढीचा वेग ३२६ टक्के होता, तो ५५ वर आला, मग ७ आणि मग ३. पाणी उतरलं नाही, चढायचं थांबलं. २०१९ च्या पुरात नदीनं ५५ फूट ओलांडले म्हणून पुढच्या आठवड्यात ती ११० वर जाईल असं इथं कुणी शहाणा म्हणाला नसता. गुंतवणूकदार मात्र म्हणाले.

त्यात मोठ्यांची स्पर्धा. मायक्रोसॉफ्टनं टीम्स हे ऑफिसच्या पॅकेजातच दिलं, गुगलनं मे २०२० मध्ये मीट सगळ्यांना मोफत केलं. आपल्याकडं मिसळीबरोबर कट मागाल तेवढा वाढतात, त्याचे वेगळे पैसे नसतात. अशा गावात नुसत्या कटाचं दुकान काढून बघा! कट कितीही झणझणीत असो, गिऱ्हाईक म्हणणार, मिसळीबरोबर मिळतोय की. ऑफिसातल्या गप्पांचं ॲप करणाऱ्या स्लॅकनं जुलै २०२० मध्ये युरोपीय आयोगाकडं नेमकी हीच तक्रार नेली. मायक्रोसॉफ्टनं टीम्स ऑफिसपासून वेगळं विकायला काढलं ते युरोपात २०२३ मध्ये आणि जगभर २०२४ मध्ये. तोवर जेवणं उरकली होती.

बाकीच्यांची गत भराभर सांगतो. व्हेरायझन या अमेरिकन टेलिफोन कंपनीनं एप्रिल २०२० मध्ये ब्लूजीन्स हे व्हिडिओ बैठकांचं ॲप घ्यायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. मित्रमंडळींच्या व्हिडिओ गप्पांचं हाउसपार्टी ऑक्टोबर २०२१ मध्ये मिटलं. ऑनलाइन संमेलनं भरवणाऱ्या हॉपिनचं मोल २०२१ मध्ये ७७५ कोटी डॉलर ठरवलं गेलं होतं, दोनच वर्षांत त्यांनी तो मुख्य धंदा विकून टाकला. झूमनं फेब्रुवारी २०२३ मध्ये १३०० माणसं कमी केली आणि त्याच वर्षी जवळ राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात या म्हणून सांगितलं. घरून काम करायचं साधन विकणारी कंपनी! नोव्हेंबर २०२४ मध्ये तर तिनं आपल्या अधिकृत नावातला 'व्हिडिओ' हा शब्दच काढून टाकला. आणि ५ मे २०२५ ला स्काइप गेलं. परदेशातल्या लेकाचं तोंड पहिल्यांदा ज्याच्यावर पाहिलं, त्या कितीतरी आईबापांना ते गेल्याचं कळलंही नसेल.

एक गोष्ट या कंपन्यांच्या हातात कधीच नव्हती, ती म्हणजे माणसाची नजर. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात ६०२ जणांच्या जोड्या लावून त्यांना नव्या कल्पना सुचवायला सांगितलं. निम्म्या जोड्या समोरासमोर, निम्म्या पडद्यावर. पडद्यावरच्या जोड्यांना कल्पना कमी सुचल्या, कारण नजर चौकटीत अडकली की विचारही आक्रसतो, असं संशोधकांचं म्हणणं. पण सुचलेल्यातली चांगली कल्पना निवडण्यात त्या जोड्या मागं नव्हत्या. निर्णय पडद्यावर होतो, सुचणं मात्र समोर बसल्यावर. न्यायालयांतही दूरदृश्य सुनावण्या रुळल्या, तरी वकिलांनी कोल्हापूरच्या खंडपीठाची मागणी सोडली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, तेव्हा झालेली गर्दी कुठल्याही चौकटींत मावणारी नव्हती.

आत्याचं मंडळ आता पुन्हा देवळातच भरतं. पेटीच्या कडेला एक फोन मात्र टेकवून ठेवलेला असतो. तिची पुण्याला गेलेली मैत्रीण त्यातून ऐकत असते, आपला आवाज बंद ठेवून. परवा मी विचारलं, कुठलं ॲप आहे हे?

"निळं हाय बघ कायतरी," आत्या म्हणाली. "लिंक येती, आम्ही दाबतो."