पाण्याने भरलेली फुप्फुसं आणि मुहूर्ताचं सिझेरियन

अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली त्या २२ जानेवारी २०२४ च्या आधी "सिझेरियन त्याच दिवशी करा" अशा विनंत्या उत्तर प्रदेशातल्या डॉक्टरांकडे आल्याच्या बातम्या होत्या. त्यांना हसण्यात अर्थ नाही. अक्षय्य तृतीया, दसरा किंवा गुरुजींनी काढून दिलेली वेळ घेऊन येणारे नातेवाईक आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनाही नवे नाहीत. नऊ ग्रहांचा विचार होतो, पण बाळाच्या फुप्फुसातल्या पाण्याचा होत नाही.

पोटातल्या बाळाची फुप्फुसं मिटलेली नसतात, ती द्रवाने भरलेली असतात. हा द्रव म्हणजे बाहेरून आत शिरलेलं गर्भजल नव्हे. फुप्फुसाच्या अस्तरातल्या पेशीच तो तयार करतात. त्या क्लोराइडचे आयन आतल्या पोकळीत सोडतात, त्यांच्यामागे सोडियम जातं आणि मिठामागे पाणी. त्या पाण्याच्या दाबाने फुप्फुस ताणलेलं राहतं आणि म्हणूनच वाढतं. गर्भजल फार लवकर आणि फार कमी झालं, तर हा दाब टिकत नाही आणि फुप्फुसं खुरटतात. दिवस भरत आले की वजनाच्या दर किलोमागे साधारण २५ ते ३० मिलिलिटर द्रव असतो. तीन किलोच्या बाळात ७५ ते ९० मिलिलिटर झाला. पहिला श्वास घ्यायच्या वेळी एवढं सगळं वाटेतून हटायला हवं.

कसं हटतं? जन्ममार्गातून येताना छाती दाबली जाते आणि पाणी पिळून निघतं, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. थोडं निघतंही. पण खरं काम करतो तो अस्तराचा पंप, कारण तो उलटा फिरतो. कळा सुरू झाल्या की बाळाच्या स्वतःच्या रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन झपाट्याने वाढतं. त्या इशाऱ्यावर पेशींच्या आतल्या बाजूची, म्हणजे हवेच्या पोकळीकडची, सोडियमची दारं उघडतात. शास्त्रज्ञ या दारांना 'ईनॅक' म्हणतात. पोकळीतलं सोडियम पेशीत घुसतं. पेशीच्या दुसऱ्या बाजूचे सोडियम-पोटॅशियम पंप ते ऊर्जा खर्चून मागच्या ऊतीत ढकलतात. मीठ गेलं की पाणीही निमूट जातं, आणि तिथून रक्तात आणि लसिकावाहिन्यांत. तासाभरापूर्वी जी पेशी पाणी ओतत होती तीच आता पाणी उपसते!

१९७० च्या दशकात मेंढीच्या गर्भांना अ‍ॅड्रेनॅलिन देऊन हे पाहिलं गेलं. द्रव पाझरणं थांबून शोषण सुरू झालं, आणि गर्भाचे दिवस जितके जास्त भरलेले तितका परिणाम जोरदार. १९९६ मध्ये ईनॅकचा एक घटक नसलेले उंदीर तयार केले गेले. जन्मल्यावर त्यांची फुप्फुसं कोरडी होईनात. चाळीस तासांच्या आत सगळे मेले.

आता मुहूर्ताकडे. कळा येण्याआधीच सिझेरियन केलं, तर हा इशारा पुरेसा मिळत नाही, आणि आठवडे कमी असतील तर पेशीही त्याला नीट दाद देत नाहीत. बाळ धापा टाकतं आणि एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, जातं. बहुतेकदा दोन-तीन दिवसांत सावरतं, पण काहींना गंभीर त्रास होतो. डेन्मार्कमधल्या ३४ हजारांहून अधिक जन्मांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ३७ व्या आठवड्यात ठरवून सिझेरियन केलेल्या बाळांपैकी १० टक्क्यांना श्वसनाचा त्रास झाला. नैसर्गिक प्रसूती योजलेल्यांत हे प्रमाण २.८ टक्के होतं. ३८ व्या आठवड्यात आकडे ५.१ आणि १.७ होते, ३९ व्यात २.१ आणि १.१. म्हणून सिझेरियन ठरवूनच करायचं असेल आणि वैद्यकीय घाई नसेल, तर ३९ आठवडे भरू द्यावेत. आईचा किंवा बाळाचा जीव धोक्यात असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. तिथे सिझेरियनच जीव वाचवतं. पण ग्रह-नक्षत्रांची घाई ही वैद्यकीय घाई नव्हे. गर्भसंस्काराच्या नावाखाली 'बाळाची फुप्फुसं मजबूत' करून देणाऱ्या काढ्यांनाही सोडियमची दारं उघडता येत नाहीत.

आईच्या बाकीच्या गोष्टींचाही फुप्फुसांवर परिणाम होतो. आटोक्यात नसलेल्या मधुमेहात बाळाच्या रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि वायुकोश मिटू न देणारा सर्फॅक्टंट हा पदार्थ उशिरा तयार होतो. निकोटिन वारेतून थेट बाळाकडे जातं आणि वाढत्या श्वासनलिकांची घडण बिघडवतं. इथे "आमच्या बायका कुठे सिगारेट ओढतात?" असं म्हणून सुटता येत नाही. सकाळी दाताला मशेरी लावणाऱ्या बायका महाराष्ट्रात कमी नाहीत. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मशेरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि साधारण सहा दिवस आधी जन्मली होती. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला त्यातल्या कितीतरी जणी सरळ "नाही" म्हणतील, कारण मशेरी त्यांच्या लेखी मंजन असते. तपासणीला आलेल्या बाईला मशेरीचं नाव घेऊनच विचारायला हवं.