पांढरं समुद्रफूल ‘खास जातीचं’ नसतं

समुद्रफूल (सी ॲनिमोन) म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी. ‘पांढरंशुभ्र समुद्रफूल ही दुर्मीळ जात, म्हणून महाग’ असं मत्स्यालयाच्या शौकिनांमध्ये वर्षानुवर्षं फिरतंय. पटण्यासारखं वाटतं खरं, कारण काचेमागे ते दिसतंही सुरेख.

पण क्लाउनफिशसोबत ठेवली जाणारी समुद्रफुलं मुळात तपकिरी, सोनेरी किंवा हिरवट असतात. त्यातला तपकिरी रंग त्यांचा स्वतःचा नसतो. पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला, म्हणजे समुद्रफुलाला देतं. पाणी फार तापलं, उजेड कमी पडला किंवा प्रवासात हाल झाले की हे शैवाल निघून जातं. उरतो तो पेजेसारखा पांढुरका, अर्धपारदर्शक देह. प्राणी जिवंत असतो, पण अर्धपोटी.

शुंडकांची, म्हणजे तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांची, टोकं जांभळी-गुलाबी दिसली तरी फसू नका. तो रंग प्राण्याचा स्वतःचा असतो, शैवाल गेल्यावरही टिकतो.

विकत घेण्याआधी दुकानदाराला निळा दिवा बंद करून साधा पांढरा लावायला सांगा. निळ्या उजेडात फिकट शुंडकंही चमकतात. तोंड घट्ट मिटलेलं हवं, तेही पाहा. समुद्रफूल भडक पिवळं असेल तर बहुधा रंगवलेलं. तो रंग काही आठवड्यांत उतरतो.

घरी आणलेलं पांढरं पडलंच, तर तापमान २५-२६ अंशांवर स्थिर ठेवा, उजेड हळूहळू वाढवा, कोळंबीचे बारीक तुकडे द्या. रंग परतायला महिने लागू शकतात.