थेट कॉफी व्यापार (भारत)

कॉफी भाजणाऱ्याने दलाल किंवा लिलाव टाळून मळेवाल्याशीच भाव ठरवून कच्चे दाणे विकत घेण्याची पद्धत. २००० नंतर शिकागोच्या इंटेलिजेंशिया, पोर्टलंडच्या स्टम्पटाउन अशा अमेरिकी कंपन्यांमुळे हे नाव रूढ झाले. 'फेअरट्रेड'सारखे (शेतकऱ्याला रास्त भाव मिळाल्याची खूण असलेले) सर्वमान्य प्रमाणपत्र यात नसते. सगळा व्यवहार परस्परांच्या शब्दावर चालतो.

भारतात असा व्यवहार पूर्वी कायद्यानेच अशक्य होता. १९४२च्या कायद्यानुसार मळेवाल्याला जवळजवळ सगळे पीक कॉफी बोर्ड या सरकारी मंडळाच्या सामायिक साठ्यात जमा करावे लागे. पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. युद्धकाळात बाजार कोसळला असताना या व्यवस्थेने अनेक मळे तगवले, हे मान्य करायलाच हवे. पण साठ्यात पडलेला दाणा कोणत्या डोंगरावरचा, हे पुढे कुणालाच सांगता येत नसे. १९९०च्या दशकात बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६पर्यंत मळेवाल्यांना आपले पीक हव्या त्याला विकायची मोकळीक मिळाली. २०१३मध्ये सुरू झालेल्या ब्लू टोकाईसारख्या कॉफी भाजणाऱ्या कंपन्यांनी मग पाकिटावर मळ्याचे नावच छापले. आता पुण्या-मुंबईत मिळणाऱ्या अशा पाकिटांवर मळा, झाडाचा वाण (उदा. एस ७९५), प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख वाचायला मिळते.

जादा भाव मिळतो तो मुख्यतः मेहनतीचा. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी आणि लाल फळे एकदम असतात. फक्त लाल तोडायची तर त्याच झाडाकडे तीन-चार वेळा परतावे लागते आणि तोडणीची मजुरी वाढते. फळे पाण्यात टाकली की पोकळ ती वर तरंगतात. ती बाजूला काढतात. सबंध फळ वाळवायचे असेल तर ते जाळीच्या उंच खाटांवर पातळ पसरून दिवसभर हाताने हलवत राहावे लागते. एक ओली रात्र गाफील गेली तर बुरशीचा वास दाण्यात कायमचा बसतो. हा धोका मळेवाला एकटा पत्करतो. म्हणून पीक हाती येण्याआधीच भाव आणि पोती ठरवणारा, थोडी उचल देणारा ग्राहकच खरा थेट ग्राहक म्हणावा. नमुना चाखून निवडक चार पोती नेणाऱ्याला ते नाव शोभत नाही, कारण उरलेले पीक पुन्हा न्यूयॉर्क-लंडनच्या वायद्यांवर (पुढच्या तारखेच्या आगाऊ सौद्यांवर) हलणाऱ्या भावानेच विकावे लागते.

भारतातले बहुतेक मळे १० हेक्टरांहून लहान आहेत. त्यांतल्या अनेकांकडे गर काढायचे यंत्र नसते. फळे वाळवून ती गावातल्या व्यापाऱ्याला द्यावी लागतात. भाजणारा अशा एकेकट्या शेतकऱ्याच्या दारी सहसा पोहोचत नाही. आंध्र प्रदेशातल्या अराकू खोऱ्यात यावर वेगळा मार्ग निघाला. तेथे आदिवासी शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. नांदी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने पिकलेली फळे गोळा करून त्यांवर एकाच ठिकाणी प्रक्रिया होते. २०१७मध्ये याच खोऱ्याच्या नावाचे कॉफीचे दुकान पॅरिसमध्ये उघडले.