३५ टक्के म्हणजे १०० पैकी ३५ नव्हे

आवडत्या सिनेमाच्या नावापुढे ३५ हा आकडा दिसला की चाहता चवताळतो आणि बहुतेक वेळा भलत्याच आरोपाचं उत्तर देत बसतो. रॉटन टोमॅटोज आणि मेटाक्रिटिक या समीक्षकांची परीक्षणं गोळा करून सिनेमाला आकडा देणाऱ्या वेबसाइट. दोन्हीकडचं ३५ दिसायला सारखं, पण पहिल्यात डोकी मोजलेली असतात आणि दुसऱ्यात गुण.

टोमॅटोमीटरला, म्हणजे रॉटन टोमॅटोजच्या टक्केवारीला, प्रत्येक परीक्षणातून एवढंच हवं असतं: समीक्षकाचा एकूण कौल बाजूने की विरोधात? बाजूने असेल तर ‘फ्रेश’, विरोधात असेल तर ‘रॉटन’. बाजूने पडलेले कौल ६० टक्के किंवा जास्त भरले की सिनेमा फ्रेश. किती आवडला, याला इथे जागाच नाही. ‘ठीक आहे, एकदा पाहायला हरकत नाही’ हाही एक कौल आणि ‘दशकातला सर्वोत्तम’ हाही एकच कौल.

मेटास्कोअर, म्हणजे मेटाक्रिटिकचा आकडा, ही सरासरी, तीही भारित (सगळ्यांचं वजन सारखं नसलेली). इथे प्रत्येक परीक्षणाचे ० ते १०० मध्ये गुण केले जातात. चार ताऱ्यांपैकी तीन दिले असतील तर ७५. अक्षरी श्रेणी असेल तर बी प्लसचे ८३, सीचे ५०. परीक्षणात आकडाच नसेल तर मेटाक्रिटिकचे कर्मचारी मजकूर वाचून गुण ठरवतात, आणि वाद घालायला खरी जागा इथे आहे. शिवाय काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन मिळतं. ते नेमकं किती, हे जाहीर केलं जात नाही. ६१ पासून हिरवा रंग, ४० ते ६० पिवळा, त्याखाली लाल.

फरक किती पडतो ते पाहा. तीन काल्पनिक सिनेमे, प्रत्येकाला दहा समीक्षक, सगळ्यांचं वजन सारखं. पहिल्याला दहाही जणांनी १० पैकी ६ दिले आणि कौल बाजूने दिला: १०० टक्के, सरासरी ६०. दुसऱ्याला चौघांनी पैकीच्या पैकी दिले, सहा जणांनी ३: ४० टक्के, सरासरी ५८. तिसऱ्याला सगळ्यांनी ५ दिले, कौल विरोधात: शून्य टक्के, सरासरी ५०. सरासरीत जेमतेम दहा गुणांचं अंतर. टक्केवारीत एक शिखरावर, एक तळाला.

बचाव करायला सर्वांत सोपा सिनेमा दुसरा, आणि नेमका तोच ‘समीक्षकांनी पाडला’ म्हणून ओळखला जातो. तो ओळखायचा कसा? रॉटन टोमॅटोजवर टक्केवारीवर टिचकी मारली की १० पैकी सरासरी दिसते. टक्केवारी पडलेली आणि सरासरी मात्र साडेपाच-सहाच्या घरात असेल तर मतं दुभंगलेली असण्याची दाट शक्यता. मेटाक्रिटिकवर हिरवी, पिवळी आणि लाल परीक्षणं किती, हे वेगवेगळं दिलेलं असतं. दोन्ही टोकं भरलेली आणि मधला पिवळा पट्टा रिकामा असेल तर शंका उरत नाही. मग भरभरून गुण देणारी दोन-तीन आणि कडक दोन-तीन परीक्षणं शेजारी ठेवून वाचावीत. पुष्कळदा दोन्हीकडे एकाच गोष्टीचा उल्लेख सापडतो: संथ गती, भडक अभिनय, अर्धवट सोडलेला शेवट. बचाव त्या एका गोष्टीचा करायचा, ती सिनेमात काय काम करते ते प्रसंगासकट दाखवून. ‘समीक्षकांना कळलाच नाही’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही.

सगळा ढीग पिवळ्यातच असेल तर सिनेमाचा कुणी द्वेष केलेला नाही, नुसते खांदे उडवलेत. तिथे ‘उपेक्षित महान कलाकृती’ म्हणून गळा काढणं हास्यास्पद दिसतं. एखादी भूमिका, एखाद्या मारामारीचं संकलन, एवढंच पकडून बोललेलं जास्त पटतं.

जुन्या सिनेमांत तारखेचा सापळा असतो. जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’ १९८२ मध्ये आला तेव्हा परीक्षणं बव्हंशी कडवट होती. एन्नियो मोरिकोनेच्या पार्श्वसंगीताला तर रॅझी पुरस्काराचं, म्हणजे वर्षातल्या सर्वांत वाईट संगीताचं, नामांकन मिळालं. आज रॉटन टोमॅटोजवर तोच सिनेमा ठणठणीत फ्रेश आहे, कारण पुढच्या काळात लिहिलेली परीक्षणंही त्या टक्केवारीत धरली जातात. म्हणून आधी परीक्षणाचं साल पाहावं. आवृत्तीही पाहावी: ‘ब्लेड रनर’च्या १९८२ च्या प्रतीत नायकाचं निवेदन आणि गोड शेवट होता, १९९२ च्या प्रतीत दोन्ही काढून टाकले. निवेदनाला नावं ठेवणारं जुनं परीक्षण दुसऱ्या प्रतीला लागूच होत नाही.

प्रेक्षकांचा आकडा पुढे करतानाही हीच गल्लत होते. रॉटन टोमॅटोजवर प्रेक्षकांची टक्केवारी म्हणजे ५ पैकी साडेतीन किंवा जास्त तारे देणाऱ्यांचं प्रमाण. ती मेटास्कोअरशी ताडून ‘समीक्षक ४५, प्रेक्षक ८५’ म्हणणं म्हणजे किलोची तुलना मीटरशी. त्यातून, तिकीट काढून जाणारा प्रेक्षक बहुधा सिनेमा आवडेल या अपेक्षेनेच गेलेला असतो. समीक्षक नेमून दिलेलं पाहतो. संघटित मतदानाचा उपद्रव वेगळाच, म्हणून २०१९ पासून तिथे तिकीट घेतल्याची खातरजमा झालेल्या प्रेक्षकांची मतं वेगळी मोजली जातात.

शेवटी परीक्षणांची संख्या, जी जवळपास कुणीच पाहत नाही. आठच परीक्षणं असतील तर ३८ टक्के म्हणजे तीन बाजूने, पाच विरोधात. त्या पाचांपैकी दोघांचं मत फिरलं असतं तर आकडा ६३ झाला असता आणि सिनेमा फ्रेश. अशा वेळी ‘समीक्षक’ असा घाऊक शब्द न वापरता ती पाच परीक्षणं वाचून काढावीत. अर्ध्या तासाचं काम आहे.