दोन तारा आणि साठ ओहम

कारखान्याच्या कंट्रोल पॅनेलमधला औद्योगिक संगणक बघितला, तर पहिल्यांदा जाणवतं ते पंखा नसणं. ॲल्युमिनियमची पेटीच उष्णता बाहेर टाकते. वीज 24 व्होल्ट डीसी. आणि आरएस-485 हा यंत्रांशी दोन तारांवरून बोलण्याचा, 1983 सालच्या मानकाचा पोर्ट त्यावर आजही असतो. एनर्जी मीटर, मोटारीचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह, तापमान नियंत्रक हे सगळे अजून त्यावरच बोलतात.

पोर्ट कमी पडले तर आत मिनी पीसीआय एक्सप्रेसचं (संगणकातल्या छोट्या कार्डांच्या स्लॉटचा एक प्रकार) छोटं मॉड्यूल बसवता येतं. वीज पूर्ण काढायची, कार्ड तिरकं धरून स्लॉटमध्ये सरकवायचं, खाली दाबून स्क्रू लावायचे. काम पाच मिनिटांचं, पण मनगटाला अर्थिंगचा पट्टा हवाच. अंगातली स्थिर वीज साधारण 3,000 व्होल्टच्या आसपास गेली तरच आपल्याला चटका जाणवतो. काही चिप मात्र शंभराच्या आतच दुखावतात. त्यातही वाईट म्हणजे अशी चिप लगेच मरत नाही, काही महिन्यांनी ऐन उत्पादनात दगा देते.

खरी कसोटी तारा जोडताना लागते. आरएस-485 मध्ये एकाच संदेशाची दोन उलट रूपं दोन तारांतून जातात आणि घेणारा फक्त त्यांच्यातला फरक वाचतो. शेजारच्या मोटारीचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, त्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो. तारांना पीळ असतो तो याचसाठी, म्हणजे एकच तार सतत मोटारीच्या जवळ राहत नाही. 200 मिलिव्होल्टचा फरकही पुरतो. म्हणूनच वेग कमी ठेवला तर 1,200 मीटरपर्यंत निरोप पोहोचतो.

केबलच्या टोकाला पोहोचलेला संकेत तिथे शोषला गेला नाही तर परत फिरतो. म्हणून दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, 120 ओहमचा रोधक लावतात. सेकंदाला 9,600 बिट या वेगाला एक बिट सुमारे 104 मायक्रोसेकंद टिकतो, तेवढ्यात प्रतिध्वनी विरून जातो आणि रोधक नसला तरी बऱ्याचदा निभावतं. त्याच केबलवर वेग वाढवला की मग चुका सुरू होतात, आणि सगळे सॉफ्टवेअर तपासत बसतात.

त्याआधी मल्टिमीटर घ्यावा. सगळी उपकरणं बंद करून दोन तारांमधला रोध मोजायचा. दोन रोधक समांतर, म्हणजे 60 ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. केबल लांब असेल तर थोडा जास्त. 120 च्या जवळपास आला तर एक टोक उघडं आहे. 40 आला तर कुठेतरी तिसरा रोधक लागलेला आहे. अशा वेळी नव्याने बसवलेलं मॉड्यूल आधी उघडून बघावं. त्यावरच्या टर्मिनेशनचा, म्हणजे मॉड्यूलवरचाच टोकाचा रोधक लाइनला जोडणारा, छोटा जंपर कंपनीतूनच लावून आलेला असू शकतो, आणि संगणक लाइनच्या मधोमध जोडला असेल तर तो काढावा लागतो.